वाद्याची पारख आणि ज्ञानाचे प्रामाण्य

भारी किंमत मोजून घेतलेल्या नव्या वाद्याचा पहिला नाद कानी पडताच ‘हे वाद्य उत्तम आहे’ असे ज्ञान घेणाऱ्याच्या मनात बहुधा तत्काळ उत्पन्न होते. हे ज्ञान यथार्थ आहे की नाही, आणि यथार्थ असेल तर ते तसे आहे हे कशावरून समजायचे, हा प्रश्न वरकरणी गिऱ्हाइकाच्या चोखंदळपणाचा वाटतो. परंतु भारतीय दर्शनांत ज्याला प्रामाण्यवाद म्हणतात, त्या जुन्या आणि कसून लढवल्या गेलेल्या वादाच्या कक्षेत तो सरळ येतो. प्रामाण्य म्हणजे ज्ञानाचे खरेपण. हे खरेपण ज्ञानाबरोबरच जन्माला येते आणि त्याच्याबरोबरच कळते, की ते बाहेरून तपासून घ्यावे लागते, हा या वादाचा गाभा होय. कुमारिल भट्टांसारखे मीमांसक स्वतःप्रामाण्य मानतात: ज्ञान झाले की ते खरे धरूनच चालावे, आणि पुढे त्याला खोटे पाडणारे बाधक ज्ञान आले किंवा ज्ञानाच्या साधनात दोष आढळला, तरच ते सोडावे. नैयायिकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते खरेपण परतः, म्हणजे दुसऱ्या कशाच्या तरी आधाराने सिद्ध होते, आणि तो आधार मुख्यतः प्रवृत्तिसामर्थ्याचा, म्हणजे त्या ज्ञानावर विसंबून केलेली कृती फळाला येण्याचा असतो. दूर दिसलेले पाणी खरोखर पाणीच होते हे तिथवर जाऊन तहान भागल्यावर ठरते. मिथिलेच्या गंगेश उपाध्यायांनी चौदाव्या शतकात ‘तत्त्वचिंतामणी’ या ग्रंथात या वादाची बारकाईने चिकित्सा केली, ती वाचताना वादाचे मूळ वेदाच्या प्रामाण्यात आहे, म्हणजे धार्मिक आहे, हे विसरता येत नाही. तरीही या वादातून जे भेद आणि ज्या कसोट्या निघाल्या, त्या कोणत्याही ज्ञानाला लावता येतील अशाच आहेत, आणि एका गिटारीच्या पारखीला त्या लावण्यात त्यांचा अवमान नाही.

उदाहरण म्हणून अकूस्टिक-इलेक्ट्रिक गिटार विशेष उपयोगी पडते, कारण या वाद्याला दोन आवाज असतात. पहिला आवाज लाकडी पेटीचा. तारेचा कंप सॅडल नावाच्या, बहुधा हाडाच्या, अरुंद पट्टीतून ब्रिजमध्ये आणि तिथून वरच्या पातळ फळीत उतरतो, आणि ती फळी व पेटीतली हवा मिळून तो सभोवार पसरवतात. दुसरा आवाज विजेचा. सॅडलच्या खाली किंवा मागे बसवलेले पिकअप त्याच कंपाच्या दाबातून विजेचा क्षीण संकेत निर्माण करते, आणि तो प्रीअँप नावाच्या छोट्या मंडलाने सावरून ॲम्प्लिफायरकडे पाठवला जातो. काही स्फटिकांवर दाब पडला की त्यांच्यावर विद्युत्-भार उमटतो, हे क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवले होते. मंचावर वाजणाऱ्या गिटारीत हे तत्त्व रूढ करण्यात ज्या अमेरिकन ओव्हेशन कंपनीचा मोठा वाटा आहे, तिची स्थापना १९६०च्या दशकाच्या मध्यात हेलिकॉप्टर घडवणाऱ्या चार्ल्स केमन यांनी केली. आज मार्टिन किंवा टेलर या कंपन्यांच्या वरच्या श्रेणीतील अशा गिटारीला भारतात काही लाख रुपये पडतात. इतकी रक्कम मोजणारा मनुष्य त्या वाद्यासमोर तटस्थ श्रोता म्हणून बसूच शकत नाही, आणि प्रामाण्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने इथे उभा राहतो.

नैयायिक आणि मीमांसक दोघेही दोषाचे एक ठरलेले उदाहरण देतात: डोळ्यांत पित्त उतरलेल्या माणसाला पांढरा शंख पिवळा दिसतो. त्याला पिवळेपणा दिसतो हे खरेच असते. खोटी असते ती त्या पिवळेपणाची शंखाशी घातलेली सांगड. नव्या गिटारीच्या बाबतीत किंमत, कारखान्याचे नाव, लाकडाची जात आणि चकचकीत पॉलिश या गोष्टी कानात उतरलेल्या पित्ताचे काम करतात. २०१० मध्ये अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे क्लॉडिया फ्रिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २१ व्हायोलिनवादकांच्या डोळ्यांवर वेल्डिंगचे काळे चष्मे चढवून त्यांच्यासमोर तीन नवी आणि तीन जुनी व्हायोलिने ठेवली, ज्या जुन्यांत स्ट्राडिव्हारी आणि ग्वार्नेरी या नामांकित जुन्या कारागिरांची वाद्ये होती. वादकांची सर्वाधिक पसंती एका नव्या व्हायोलिनला मिळाली आणि सर्वांत कमी पसंती एका स्ट्राडिव्हारीला. गिटारीवरही असा प्रयोग झाला आहे. इंग्लंडमधील लँकॅस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकाच घडणीच्या सहा गिटारी करवून घेतल्या होत्या, आणि त्यांच्यात फरक ठेवला होता तो फक्त पाठीच्या व बाजूंच्या लाकडाचा. ब्राझिलियन रोझवूडसारखे दुर्मीळ आणि महागडे लाकूड त्यांत होते, तसेच सापेलीसारखे स्वस्तातलेही होते. अंधुक उजेडात, डोळे झाकून वाजवणाऱ्या ५२ गिटारवादकांनी या सहाही गिटारींच्या नादाला जवळजवळ सारखेच गुण दिले.

पाठीच्या लाकडाने नादात फारसा फरक पडत नाही, या निष्कर्षाचे मूळ या प्रयोगाहून जुने आहे. स्पेनमधील आंतोनियो दे तोरेस या थोर कारागिराने १८६२ मध्ये एका गिटारीची पाठ आणि बाजू पुठ्ठ्याच्या केल्या आणि वरची फळी तेवढी उत्तम लाकडाची ठेवली. गिटारीचा नाद मुख्यतः वरच्या फळीतून येतो हे आपले मत त्याने असे करून दाखवले. तरीसुद्धा पाठीच्या लाकडाची भक्ती ओसरली नाही. ब्राझिलियन रोझवूडचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९९२ मध्ये जवळजवळ बंद झाला, आणि त्याआधीच, १९६९च्या सुमारास, मार्टिन कंपनी दक्षिण भारतातील शिसवीकडे वळली होती. मराठी घरांत पलंग, कपाटे आणि देव्हारे ज्या लाकडाचे होत असत, त्याच शिसवीला परदेशी गिटारींच्या जाहिरातीत एक गूढ, खोल नाद चिकटवला जातो, आणि घेणारा तो नाद ऐकतोही.

मात्र या प्रयोगांवरून वाद्यावाद्यांत भेदच नसतो आणि पारख हा निव्वळ भ्रम आहे, असा जो निष्कर्ष हल्ली उत्साहाने काढला जातो, तो उतावीळपणाचा आहे, आणि त्यातली चूक न्यायदर्शनाच्या भाषेत नेमकी सांगता येते. नैयायिकांच्या मते अयथार्थ ज्ञान दोषामुळे उत्पन्न होते, परंतु यथार्थ ज्ञान केवळ दोष नसल्याने उत्पन्न होत नाही. त्याला गुण, म्हणजे ज्ञानसामग्रीतील एखादा भावरूप विशेष, लागतो. डोळ्यांतले पित्त गेले तरी वस्तूशी डोळ्याचा पुरेसा संबंध यावाच लागतो. डोळ्यांवर बांधलेली पट्टी दोष दूर करते, गुण पुरवत नाही. काही मिनिटे हाती आलेल्या अपरिचित वाद्याशी वादकाच्या बोटांचा आणि कानाचा जो संबंध येतो, तो लाकडाच्या जातीचा पूर्वग्रह तपासायला पुरतो, पण त्या वाद्यात काय साठलेले आहे हे कळायला पुरत नाही. प्रयोग करणाऱ्यांचा दावा मर्यादितच होता. तो फुगवला गेला तो नंतर.

गिटारीच्या परीक्षेत गुण म्हणजे काय, हे जवळून पाहण्यासारखे आहे. जाणकार परीक्षक प्रथम गिटारीवरच्या तारा काढून नव्या चढवतो, कारण दुकानात लटकून गंजू लागलेल्या तारांचा मंद नाद गिटारीच्या नावावर जमा होतो आणि ताज्या तारांची झळाळीही तशीच तिच्या नावावर जमा होते. मग तो बाराव्या फ्रेटपाशी, म्हणजे गळ्यावरच्या बाराव्या आडव्या धातूच्या पट्टीपाशी, तारेची उंची मोजतो. जाड तारेखाली सुमारे अडीच मिलिमीटर आणि बारीक तारेखाली दीड-पावणेदोन मिलिमीटर अंतर असले म्हणजे बोटाला त्रास होत नाही आणि तार फ्रेटवर झणझणतही नाही. त्यानंतर प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकेकटी छेडून तो कान देतो, आणि एखाद्या ठिकाणी स्वर उमटताच विझत असेल, तर तेथे पेटीचा स्वतःचा अनुनाद त्या स्वराची शक्ती शोषून घेत आहे काय, याचा विचार करतो. या परीक्षेत कौतुकाला वाव थोडा असतो. ‘उत्तम’ हा एक ठोकळ शब्द फुटून त्याची अनेक लहान ज्ञाने होतात, आणि त्यांतले प्रत्येक खरे की खोटे हे तपासता येते.

याच परीक्षेत आणखी एक गोष्ट कळते, ती अशी की ज्या निर्दोष सुरेलपणाची अपेक्षा पैसे मोजणारा करतो, तो कोणत्याही किमतीच्या गिटारीत असू शकत नाही. गिटारीचे फ्रेट सप्तकाचे बारा सारखे भाग करून बसवलेले असतात. दर फ्रेटला कंपनसंख्या सुमारे १.०५९५ पटीने वाढते. त्यामुळे षड्जाशी पाचास चार या नैसर्गिक प्रमाणात असलेल्या शुद्ध गांधारापेक्षा गिटारीचा गांधार सुमारे १४ सेंट चढा राहतो. सेंट म्हणजे या सारख्या अर्धस्वराचा शंभरावा भाग. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा स्वयंभू गांधार ऐकत ज्याचा कान तयार झाला आहे, त्या मराठी श्रोत्याला हा फरक खुपतो, आणि त्याला तो वाद्याचा दोष वाटू शकतो. वस्तुतः सर्व स्वरांतून सारख्याच सोयीने फिरता यावे म्हणून पत्करलेली ती तडजोड आहे. दोष कशाला म्हणायचे हे प्रयोजनावाचून ठरत नाही: मोकळ्या बोटांनी एकेक तार छेडणाऱ्याला जी गिटार उत्तम, ती गाण्यामागे जोराने झोड देणाऱ्याच्या हातात गुदमरते.

दुसऱ्या आवाजाकडे वळले की प्रश्न अधिक बिकट होतो. सॅडलखालच्या पिकअपला फळीचा आणि हवेचा आवाज ऐकूच येत नाही. त्याला कळतो तो तारेचा सॅडलवरचा दाब. जोरात छेडल्यावर अशा पिकअपमधून जो ठणठणीत, काहीसा प्लॅस्टिकसारखा नाद येतो, तो पेटीजवळ बसलेल्या कोणालाही ऐकू आलेला नसतो. मग तीन-चार लाखांच्या लाकडाचा आवाज कोणता? बहुतेक खरेदीदार पेटीचा आवाज मूळ आणि विजेचा त्याची नक्कल मानतात, आणि नक्कल मुळाशी किती जुळते यावर पिकअपचा कस लावतात. या समजुतीच्या मुळाशी नाद हा गिटारीचा गुणधर्म आहे हे गृहीतक आहे. न्याय-वैशेषिक मतात ते टिकत नाही. त्या मतानुसार शब्द, म्हणजे कानाला कळणारा कोणताही नाद, हा आकाशाचा गुण आहे. भेरीवर दांडा आपटला की संयोगाने एक शब्द उत्पन्न होतो, बांबू चिरला की विभागाने उत्पन्न होतो, आणि त्या पहिल्या शब्दापासून दुसरा, दुसऱ्यापासून तिसरा असे लाटांमागून लाटा याव्या तसे शब्द उत्पन्न होत कानापर्यंत पोचतात. कानाला कळतो तो शेवटचा शब्द. पहिला कधीच नाही. गिटारीची तार बोटाने ओढून सोडताना नाद उमटतो तो बोट तारेपासून सुटण्याच्या क्षणी, म्हणजे या वर्गीकरणात तो विभागज ठरावा. आकाशाचे हे भौतिकशास्त्र आज कोणी स्वीकारणार नाही, पण त्यातली एक अंतर्दृष्टी सोडण्यासारखी नाही: ऐकलेला नाद नेहमीच एका मालिकेच्या टोकाचा असतो, आणि त्या मालिकेतला कोणता दुवा खरा हे मालिकेकडे पाहून ठरवता येत नाही. खोलीत वाजणाऱ्या गिटारीच्या मालिकेत भिंती असतात, मंचावरच्या गिटारीच्या मालिकेत पिकअप आणि स्पीकर असतात. विजेचा आवाज ही नक्कल नव्हे; ती दुसऱ्या प्रयोजनासाठी घडवलेली दुसरी मालिका आहे, आणि तिची परीक्षा स्पीकरसमोर, मोठ्या आवाजातच करावी लागते. तेथे स्पीकरचा नाद परत येऊन पेटीला हलवतो, पेटी पिकअपला हलवते, आणि पेटीतल्या हवेच्या अनुनादापाशी, म्हणजे मोठ्या गिटारीत साधारण १०० हर्ट्झच्या आसपास, फीडबॅकचा घुमारा उठतो. ज्या पेटीचा घुमदार खर्ज घरात मोह घालतो तीच पेटी इथे अधिक लवकर बंड करते.

परतःप्रामाण्यावर मीमांसकांचा मोठा आक्षेप अनवस्थेचा आहे. पहिले ज्ञान खरे ठरवायला दुसरे लागत असेल, तर दुसऱ्याला तिसरे लागेल, आणि ही साखळी कोठेच थांबणार नाही. गिटारीच्या बाबतीत हा आक्षेप निव्वळ तार्किक राहत नाही. घरात आवडलेली गिटार मंचावर तपासावी, मंचावरची ध्वनिमुद्रणात, हिवाळ्यातली पावसाळ्यात. कारखानदार ४५ ते ५० टक्के आर्द्रता योग्य मानतात, आणि मुंबई-पणजीच्या पावसाळ्यात हवा याच्या कितीतरी पुढे गेलेली असते, फळी फुगून तारा उंचावतात, आणि डिसेंबरात दिलेला अभिप्राय जुलैत दुसऱ्याच वाद्याविषयीचा वाटू लागतो. शिवाय तेवढ्या काळात वादकाचा कानही बदललेला असतो. मग निश्चय कधी व्हायचा?

यावरचे सर्वांत समंजस उत्तर जैन तर्कपरंपरेत सापडते. माणिक्यनंदींच्या ‘परीक्षामुख’ या सूत्रग्रंथात प्रामाण्य काही ठिकाणी स्वतः आणि काही ठिकाणी परतः मानले आहे, आणि टीकाकारांनी त्याचा खुलासा अभ्यासावरून केला आहे: रोजच्या परिचयाच्या विषयात ज्ञान होताच ते खरे असल्याचे कळते, अपरिचित विषयात मात्र बाहेरचा आधार शोधावा लागतो. अर्थात स्वतःप्रामाण्य हा ज्ञानाचा जन्मजात हक्क नाही, तो सहवासाने मिळवायचा असतो. ज्या कारागिराच्या हाताखालून शेकडो फळ्या गेल्या आहेत, त्याने फळीवर बोटाने टिचकी मारून दिलेला निर्णय आणि पहिल्यांदाच भारी गिटार घेणाऱ्याने दुकानात दिलेला निर्णय शब्दशः सारखे असले तरी त्यांचे प्रामाण्य सारखे नाही. मिरजेतील तंबोऱ्याचे कारागीर घोडीवर दोरा सरकवून जवारी लावताना जिथे थांबतात, तिथे का थांबले याचे प्रमाण मागता येत नाही, आणि ते मागण्याची गरजही पडत नाही. नवख्या खरेदीदाराने अशा माणसाचा शब्द घ्यावा, आणि शब्दप्रमाणासाठी आप्त कोण हे न्यायभाष्यकार वात्स्यायनांनी सांगितलेच आहे: ज्याने वस्तू प्रत्यक्ष जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो, मग तो ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ. विक्रेत्यात यांतली पहिली अट पुष्कळदा पुरी होते, दुसरी क्वचितच. आणि स्वतः खरेदीदार, पैसे देऊन झाल्यावर, आपल्याच बाबतीत आप्त उरत नाही, कारण जसे ऐकले तसे स्वतःला सांगण्याची त्याची इच्छा खर्चाच्या ओझ्याखाली दबलेली असते.

अठराव्या शतकातील स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनी अभिरुचीच्या निकषावर १७५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात ‘डॉन किहोते’ या कादंबरीतली एक गोष्ट घेतली आहे. दोन पारखी एकाच पिंपातली वाइन चाखतात. एकाला तिच्यात चामड्याची चव लागते, दुसऱ्याला लोखंडाची. लोक दोघांनाही हसतात, आणि पिंप रिकामे झाल्यावर तळाशी चामड्याच्या वादीला बांधलेली किल्ली सापडते. ह्यूम यांना इथे जे हवे आहे ते न्यायमतातले परतःप्रामाण्यच आहे. मात्र वाद्याच्या बाबतीत पिंप कधी रिकामे होत नाही, गिटार फोडून तिच्यातला गुण तळाशी सापडत नाही. तिच्या पारखीचा आधार पुढच्या वादनातच शोधावा लागतो, आणि म्हणून गिटारीविषयीचा प्रामाणिक अभिप्राय हा ‘आजवर बाधित न झालेले’ असे ज्ञान असतो, त्याहून अधिक नव्हे.

याउपर खरेदीदाराची चूक त्याच्या कानापुरती राहते, असे समजणे चुकीचे आहे. गिटारीच्या गळ्यावरची बोटपट्टी पुष्कळदा आबनुसाची असते आणि ती निखळ काळी असावी हा संकेत इतका पक्का होता, की पट्टे असलेले आबनूस कमी प्रतीचे मानले जाई. टेलर कंपनीने २०११ मध्ये एका स्पॅनिश भागीदारासह कॅमेरूनमधील याउंदे येथील आबनुसाची गिरणी विकत घेतली, तेव्हा कंपनीचे सहसंस्थापक बॉब टेलर यांना समजले की तोडलेल्या सुमारे दहा झाडांत एकाचाच गाभा निखळ काळा निघतो, आणि बाकीची झाडे, त्यांना भाव नसल्याने, जंगलातच पडून राहतात. पट्ट्यांमुळे नाद बिघडत नाही. कंपनीने पट्टेदार आबनूस वापरायला घेतले, आणि तशा बोटपट्टीच्या गिटारी लोकांनी घेतल्याही. न्यायसूत्रकार गौतमांच्या दुसऱ्याच सूत्रात मिथ्याज्ञानापासून दोष, दोषापासून प्रवृत्ती, प्रवृत्तीपासून जन्म आणि जन्मापासून दुःख अशी साखळी आहे. तेथे मिथ्याज्ञान ज्याचे, दुःखही त्याचेच. काळ्या रंगाला उत्तम नादाचे लक्षण समजणाऱ्याचे मिथ्याज्ञान मात्र त्याला स्वतःला कसलेच दुःख देत नव्हते, उलट सुखच देत होते. त्याचे फळ नऊ झाडांना मिळत होते. प्रवृत्तीच्या फळावरून ज्ञानाचे प्रामाण्य ठरवायचे असेल, तर ते फळ कोणाच्या पदरात मोजायचे, हा प्रश्न न्यायदर्शनाने या रूपात विचारलेला नाही, आणि लाखोंचे वाद्य पारखणाऱ्याला तो आता टाळता येणार नाही.